बाजारात येण्याआधीची मारामारी

2010 साली कॅपकॉम या जपानी कंपनीने अमेरिकेत आणि युरोपात काही खास कार्यक्रम घेतले आणि त्यांना नाव दिलं ‘फाइट क्लब’. प्रवेश मोजक्यांना. आत ‘सुपर स्ट्रीट फायटर 4’ किंवा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 3’ हे गेम दुकानात येण्याआधीच खेळायला मिळायचे. नाव 1999 च्या त्या गाजलेल्या हॉलिवूडपटाची आठवण करून देणारं, थाट भूमिगत अड्ड्याचा. हा चोरटेपणा अर्थातच नाटकी होता. आत आलेल्यांनी बाहेर जाऊन चारचौघांत बोलावं, यासाठीच तर सगळा खर्च!

पण ही युक्ती कॅपकॉमला 2010 मध्ये सुचलेली नव्हती. मारामारीचे गेम अशाच अर्धवट अवस्थेत लोकांपुढे ठेवून घडवले गेले आहेत.

आर्केडच्या काळात पद्धत सरळ होती. जवळपास तयार झालेलं यंत्र एखाद्या नेहमीच्या आर्केडमध्ये काही दिवस ठेवायचं आणि बनवणाऱ्यांनी बाजूला उभं राहून बघायचं. लोक कोणतं पात्र निवडतात, कुठे चिडतात, हरल्यावर दुसरं नाणं काढतात की निघून जातात. माणसं प्रश्नावलीत गोड लिहितात. नाण्यांची पेटी तोंडदेखलं बोलत नाही. शिकागोच्या मिडवे कंपनीत एड बून आणि जॉन टोबायस यांच्या छोट्या चमूने ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घडवला तो 1992 मध्ये, आणि चाचणीची आर्केडंही त्याच शहरात होती. जपानमध्ये तर अशा चाचण्यांना आदल्या दिवसापासून रांगा लावणारे शौकीन तयार झाले.

कधी कधी मात्र चाचणी कंपनीने मांडलेलीच नसायची. ‘स्ट्रीट फायटर 2’ 1991 मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या चोरट्या आवृत्त्या फिरू लागल्या. त्यातली सर्वांत बदनाम ‘रेनबो एडिशन’, मूळची तैवानची. तिच्यात खेळाडू हवेत उडी मारून आगीचे गोळे फेकतो, सामना चालू असताना बटण दाबून पात्रच बदलतो, आणि सगळं बेफाम वेगाने चालतं. समतोल नावाची गोष्ट नाही. कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतल्या जेम्स गॉडर्ड यांनी लोक त्यावर पैसे घालताना पाहिले आणि जपानी वरिष्ठांना पटवलं की अधिकृत खेळाचाही वेग वाढवायला हवा. त्यातून 1992 च्या डिसेंबरात ‘हायपर फायटिंग’ आवृत्ती निघाली. त्याच आवृत्तीत धालसिमला, म्हणजे हात-पाय लांबवणाऱ्या भारतीय योग्याला, एका जागी गुप्त होऊन दुसरीकडे प्रकट होण्याची विद्या मिळाली. एका नकली बोर्डाने खऱ्या गेमला दिशा दाखवली, असं व्यापारात फार वेळा घडत नाही.

धालसिमच्या मैदानात मागे हत्ती सोंडा वर करून ओरडत असतात. भारताविषयी ओसाकातल्या कॅपकॉमला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, असं म्हटलं तर ते फार कठोर ठरू नये.

कारण भारतात हे गेम आले ते बहुतांश नकली बोर्डांवर आणि मागच्या दाराने. नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत व्हिडिओ गेम पार्लर चालली. लाकडी खोकं, टीव्हीचा पडदा, दांडा, घामाने चिकट झालेली बटणं, आणि रुपयाचं नाणं. कॅपकॉमच्याच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला (1993) मूळ नावाने कोणी हाक मारली नाही, त्यातल्या मुस्तफा या पात्रावरून तो ‘मुस्तफा’ झाला. तो खांद्याला खांदा लावून खेळायचा गेम. समोरासमोरच्या लढतीसाठी ‘किंग ऑफ फायटर्स 97’ होता, एसएनके या कंपनीचा, तीन विरुद्ध तीन गड्यांचा. हरला तो उठला, जिंकला तो बसून राहिला, मागे नंबर लावून पाच जण उभे. कोणतं बटण कोणत्या क्रमाने दाबलं की ‘पॉवर’ निघते, हे वहीत नाही तर शेजाऱ्याच्या बोटांकडे बघून शिकायचं. शिकागोत यंत्रामागे उभा राहणारा माणूस जे बघायचा, ते इथे अख्खी रांग बघत होती. फरक एवढाच की या नाण्यांचा हिशेब बनवणाऱ्यांपर्यंत कधी गेला नाही. कॅपकॉम आणि एसएनके दोन्ही कंपन्या ओसाकाच्या. इथल्या पोरांना कुठला गडी आवडतो, हे तिथे कोणी मोजलं नाही.

मोजलं ते सरकारने, वेगळ्या कारणासाठी. पार्लरमध्ये लढाईच्या गेमशेजारी पैसे लावायची यंत्रंही असायची. 1995 मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमना परवान्याची अट योग्य ठरवली. महाराष्ट्रात करमणूक शुल्क होतंच. शाळा बुडवणाऱ्यांचा अड्डा ही घरच्यांची तक्रार त्याहून जुनी, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

पुढे कॉम्प्युटर आला, सायबर कॅफे आले, आणि ‘टेकन 3’ ने कीबोर्डची बटणं झिजवली. हा गेम आर्केडमध्ये 1997 ला आणि प्लेस्टेशनवर 1998 ला आलेला. आपल्याकडे त्याचं राज्य त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं.

पहिली झलक मात्र अजून दूरच होती. ‘टेकन 7’ च्या चाचण्या 2014 मध्ये जपानी आर्केडमध्ये झाल्या, 2015 मध्ये तो तिथे सुरू झाला, आणि घरच्या यंत्रांवर यायला 2017 चा जून उजाडला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. त्याआधी टोनी कॅनन या अमेरिकी खेळाडूने 2006 मध्ये आणलेली एक कल्पना हळूहळू सगळीकडे पोचत होती. हे गेम सेकंदाला 60 चित्रांवर चालतात. इंटरनेटवरून समोरच्याचं बटण यायला दोन-चार चित्रं उशीर झाला तरी हात जड वाटतो. कॅननची पद्धत वाट बघत नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते, आणि अंदाज चुकला तर तेवढी चित्रं मागे जाऊन दुरुस्त करते.

‘स्ट्रीट फायटर 6’ याच पद्धतीवर उभा आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याचा डेमो उतरवून घेता येत होता, 19 ते 21 मे दरम्यान सर्वांसाठी खुली चाचणी झाली, आणि 2 जूनला गेम विक्रीला आला. संभाजीनगरपासून साठेक किलोमीटरवरच्या कन्नडमध्ये योग्य यंत्र आणि बरं इंटरनेट असलेल्याला ती झलक मिळवायला कोणाचं आमंत्रण लागत नव्हतं. त्या डिसेंबरात ‘टेकन 8’ चा डेमोही तसाच आला, आणि अशा झलका जिथे आधी मिळायच्या तो ‘ई3’ हा लॉस एंजेलिसचा बडा गेम मेळावा कायमचा बंद झाल्याची घोषणा त्याच महिन्यात झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर 5’ पदकासाठी खेळला गेला होता. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास त्यात होते. त्यांना पदक मिळालं नाही. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूला मिळालं, वय 44.

कोणतं पात्र किती जण वापरतात, याचे आकडे आता कॅपकॉम स्वतः जाहीर करतं. मराठवाड्यातून खेळणाऱ्याची निवडही त्यात मिसळलेली असते. गंमत म्हणजे ‘स्ट्रीट फायटर 6’ मध्ये ‘बॅटल हब’ नावाचं आभासी आर्केडही आहे: ओळीने यंत्रं, समोर खुर्च्या, आपला पुतळा चालवत नेऊन बसवायचा आणि कोणी समोर येण्याची वाट बघायची.

अडचण यंत्राच्या किमतीची आहे. 2023 मध्ये डिस्कवाला प्लेस्टेशन 5 भारतात 54,990 रुपयांना होता. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी शहरांतले गेमिंग झोन तासाच्या भाड्याने यंत्र देतात. तिथे ‘हरला तो उठला’ हा पार्लरचा जुना कायदा चालत नाही. तास दोघांनी मिळून विकत घेतलेला असतो, त्यामुळे हरणाराही तास संपेपर्यंत बसून राहतो.