जरा फुरका मारून बघा

आमच्या भागात सुट्या चहाचं एक जुनं दुकान आहे. भिंतीला लागून पत्र्याचे मोठे डबे, पुढे तराजू, आणि दारापासून चार पावलांवर यायला लागणारा तो कोरडा, किंचित लाकडी वास. काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन मी म्हटलं, "पाव किलो चहा द्या. चांगला द्या." दुकानातल्या काकांनी डब्याकडे हातसुद्धा नेला नाही. म्हणाले, "पाणी किती, दूध किती? आलं घालता? उकळता किती वेळ?" मला जरा रागच आला. चांगला चहा मागितला तर तो द्यायचा सोडून माझ्या ओट्याची चौकशी कशाला? "नेहमीचा द्या" म्हणून मी सुटका करून घेतली.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. दिवसाला तीन कप धरले तरी वर्षाचे हजारावर होतात. पण चहाची चव कशी असते, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? गोड. आल्याची. वेलदोड्याची. पावसाळ्यात गवती चहाची, आणि ते तर नुसतं सुगंधी गवत. चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. साखर, दूध, आलं बाजूला काढलं तर कपात जे उरतं ते मी कधी चाखलंच नव्हतं. म्हणून एका रविवारी स्वयंपाकघरात चार चहा शेजारी शेजारी मांडले: घरातली रोजची ममरी, म्हणजे दाणेदार चहा, आसामचा पानांचा चहा, दार्जिलिंगचा, आणि निलगिरीचा. पाचवा ग्रीन टी होता, त्याला वेगळं बसवलं. का, ते पुढे येईलच.

झाड एकच, करणी वेगळी

हे पाचही चहा एकाच जातीच्या झाडाचे. शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन: लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा ही काही वेगवेगळी झाडं नव्हेत. पान खुडल्यावर त्याचं काय केलं, यावर हा फरक ठरतो.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. चहाच्या पानातही तेच घडतं. पान चुरगळलं की त्याच्या पेशी फुटतात, आतली पॉलिफेनॉल द्रव्यं आणि विकर एकत्र येतात, त्यांना हवा लागते आणि हिरवं पान तांबूस-तपकिरी होऊ लागतं. हे होऊच द्यायचं नसेल तर पान लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. तो हिरवा चहा. अर्ध्यावर थांबवलं तर ऊलाँग. पुरतं होऊ दिलं तर काळा, म्हणजे आपला नेहमीचा. पांढऱ्या चहात कोवळे कोंब नुसते कोमेजवून वाळवतात. दार्जिलिंगचा वसंतातला पहिला खुडा काळा चहा म्हणूनच विकला जातो, पण तो इतका कोमेजवलेला असतो की ही क्रिया अर्धवटच राहते. त्या पुड्यात हिरवट पानं दिसली तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

आपल्या घरातल्या दाण्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी दातेरी रुळांचं एक यंत्र आणलं. त्यातून पान चिरडून, फाडून, वळून बाहेर पडतं; या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीटीसी म्हणतात. पानाचा पार चुरा झाल्याने रंग भराभर सुटतो आणि चहा कडक होतो. भारतात वर्षाला १३० कोटी किलोच्या आसपास चहा पिकतो. त्यातला सुमारे चार-पंचमांश आपणच पितो, आणि तो बहुतेक सीटीसीच असतो.

दोन ग्रॅम, सहा मिनिटं

तुलना करायची तर एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. चहाच्या व्यापारात यासाठी चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. ते १९८० साली आलं. १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा, पाणी उकळतं, भांडं चिनी मातीचं, वर झाकण, वेळ सहा मिनिटं. ब्रिटिश मानक संस्थेने अशाच चहासाठी लिहिलेल्या सहा पानी नियमावलीला १९९९ साली साहित्याचं इग्नोबेल मिळालं आणि लोक पोट धरून हसले. पण घरी करून बघितल्यावर त्या सहा पानांचं मोल कळतं. हा चहा आवडीने पिण्यासाठी नसतो. सहा मिनिटांत चांगलं-वाईट सगळं पाण्यात उतरावं आणि कुठल्याही चहाला दोष लपवायला जागा राहू नये, एवढ्यासाठी तो असतो.

आपल्या कपात १५० मिलिलीटर पाणी मावतं असं धरलं तर ३ ग्रॅम चहा लागतो. इथे चमच्यावर विसंबू नका. ममरीचा चमचा जड, लांब पानांचा हलका. वजनात दुपटीचा फरक सहज पडतो आणि मग पानांचा चहा बिचारा "पाणचट" ठरतो. छोटा वजनकाटा असेल तर उत्तम.

पाणी सगळ्यांना एकाच भांड्यातलं घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर रंग मळकट येतो आणि वर तवंग धरतो, त्याचं खापर चहावर फोडू नका. गावाचाही परिणाम होतो. समुद्रकिनाऱ्यावर आधण १०० अंशांना येतं, पुण्यात साधारण ९८ला आणि महाबळेश्वरला ९५-९६लाच. हिरव्या चहाला मात्र आधण चालत नाही. तो कडू होतो. त्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी आणि दोन-तीन मिनिटं पुरेत. म्हणूनच त्याला वेगळं बसवलं होतं.

पान गाळल्यावर ते टाकून देऊ नका, बशीत काढून ठेवा. चहा पारखणारे तीन गोष्टी बघतात: कोरडं पान, भिजून उमललेलं पान आणि कपातला अर्क. उमललेल्या दार्जिलिंगमध्ये दोन पानं आणि कोंब कधी कधी अखंड सापडतो. ममरीच्या बशीत ओल्या भुकटीशिवाय काही सापडत नाही. जाता जाता आणखी एक चाचणी: चिमूटभर कोरडा चहा ओल्या टिपकागदावर पसरा. थोड्या वेळाने चहा काढून कागद धुतला आणि उजेडात धरल्यावर त्यावर रंगाचे डाग दिसले, तर त्यात वरून रंग घातलेला असण्याची शक्यता आहे.

बशीतला फुरका

आमचे सासरे आयुष्यभर चहा बशीत ओतून फुरका मारत प्यायले, आणि आयुष्यभर सासूबाई "अहो, आवाज!" म्हणत राहिल्या. त्या रविवारी सासऱ्यांची बाजू वर झाली. चहा पारखणारे व्यावसायिक अगदी हेच करतात. चमचाभर चहा हवेसकट जोरात आत ओढतात. त्याचे तुषार जिभेवर, टाळ्यावर पसरतात आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. जिभेला कळतं ते खारट, आंबट, गोड, कडू आणि मांसरसासारखी उमामी चव, एवढंच. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वासच असतो. नाक चिमटीत धरून दार्जिलिंग पिऊन बघा, कोमट तुरट पाणी उरतं.

चहा ओतल्याबरोबर मात्र फुरका मारू नका. वाफाळत्या चहात भाजण्यापलीकडे जिभेला काही कळत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयांना संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं आहे. सासऱ्यांची बशी चहा निववायलाही होती, हे तेव्हा लक्षात आलं. सौम्य चहापासून सुरुवात करायची, कडक शेवटी घ्यायचा. मध्ये साधं पाणी आणि चार कुरमुरे. आणि व्यावसायिकांसारखी शेजारी पिकदाणी ठेवायची. आम्ही दहा कप गिळून बसलो आणि रात्री दोनला सगळं घर जागं होतं.

चवीला आपलं नाव

पाकिटांवर चवींची जी वर्णनं असतात ती वाचून आमच्याकडे सगळे गप्प झाले. मग ठरवलं, स्वतःच्या डब्यांतली नावं द्यायची. आसामच्या चहाला "माल्टी" म्हणतात, सासूबाईंनी घोट घेऊन सांगितलं, "अगं, हे तर नाचणी सत्त्व!" आणि ते शब्दशः खरं निघालं, कारण मोड आणून भाजलेल्या धान्याचाच तो वास. दार्जिलिंगच्या मे-जूनमधल्या खुड्यात काळ्या मनुकांचा वास येतो. त्यामागे एक किडा असतो, आणि तो म्हणजे कापूस पिकवणाऱ्यांच्या वैऱ्याचा भाऊबंद: तुडतुडा. तो कोवळं पान शोषतो, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात उतरतात. निलगिरीचा चहा लख्ख, स्वच्छ. त्यात लिंबू पिळावंसं वाटतं. जपानी हिरवा चहा वाफवलेला असतो, म्हणून त्याला उकडलेल्या पालकाचा वास. चिनी बहुधा कढईत परततात, म्हणून भाजलेल्या चण्याचा.

एक शब्द तर आपल्याकडे आधीपासूनच पक्का आहे: तुरट. आयुर्वेदाने त्याला सहा रसांत बसवलं. आजचं शरीरशास्त्र म्हणतं की तो रस कमी आणि स्पर्श जास्त. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंड आखडतं. पण आवळा, जांभूळ, सुपारी खाऊन वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चांगल्या चहाचा तुरटपणा आवळ्यासारखा, मागून गोडवा सोडणारा. वाईट चहाचा कच्च्या केळ्यासारखा, जिभेला चिकटून बसणारा.

डोळे झाकून

एवढं झाल्यावर मला वाटू लागलं की आपल्याला चहा कळतो. नवऱ्याने मग तीन कप पुढे ठेवले: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून हे पाच-सहा वेळा करायचं. आसाम आणि निलगिरीत मी सहापैकी तीन वेळा चुकले.

चहाच्या कपांनी एका अख्ख्या शास्त्राला उदाहरण पुरवलं आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात म्युरिएल ब्रिस्टल या संशोधक बाईंनी सांगितलं, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं. सहकारी रोनाल्ड फिशर संख्याशास्त्रज्ञ. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. नुसत्या नशिबावर सगळे बरोबर येण्याची शक्यता ७०त एक. १९३५च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी प्रयोगाची आखणी कशी करावी हे याच उदाहरणाने समजावलं. घरात कुणी "मला कळतं" म्हणालं की आठ कप मांडावेत, वाद मिटतो.

मग दूध घातलं

शेवटची फेरी आपल्या पद्धतीची: दूध, साखर, उकळी. तिथे सगळा निकाल उलटा झाला. बिनदुधाचा पहिला आलेला, सगळ्यात महाग दार्जिलिंग, दुधात पार हरवला. "हा चहा आहे की आजाऱ्याचं पाणी?" सासूबाईंनी कप सरकवला. आणि बिनदुधाची जी ममरी जीभ आखडून टाकत होती, ती रंगाने, चवीने पहिली आली. कारण साधं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. लाळेच्या वाट्याला कमी उरतात, चहा मऊ लागतो. ज्याच्याकडे ही द्रव्यं भरपूर आहेत तो दूध पचवूनही उरतो. ज्याचं सगळं भांडवल नाजूक सुगंध, तो बुडतो. आलं घातलं की तर विचारूच नका.

म्हणजे "चांगला चहा कुठला?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. दूध किती, पाणी किती, आलं घालणार का, उकळणार किती, हे कळल्याशिवाय कुठलाही चहा चांगला नाही आणि वाईटही नाही.

पुढच्या महिन्यात मी त्याच दुकानात गेले. काकांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "सकाळचा दोन कप पाण्याला एक कप दूध, आलं घालून, चार मिनिटं उकळून. आणि दुपारी एक बिनदुधाचा, नुसता मुरवून."

काकांनी या वेळी लगेच डब्याकडे हात नेला. "मग दोन पुडे लागतील," ते म्हणाले.