लाखाचा फोन, हप्त्यांचा पडदा

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अ‍ॅपल स्टोअरबाहेर १९ सप्टेंबर २०२५ च्या सकाळी नव्या ‘आयफोन १७’साठी झालेली धक्काबुक्की सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. रांगेतल्यांना वेड्यात काढणे सोपे आहे. प्रश्न आहे तो त्यांनी मोजलेल्या पैशांत नेमके काय आले, हा.

तेव्हा ‘आयफोन १७’ ८२,९०० रुपयांना होता, ‘१७ प्रो’ १,३४,९०० ला. तोवर प्रोचा मान असलेला १२० हर्ट्झचा डिस्प्ले त्या वर्षी साध्या मॉडेललाही मिळाला. मुख्य कॅमेरा दोन्हींत ४८ मेगापिक्सेलचाच. वरच्या ५२ हजारांत प्रामुख्याने टेलिफोटो लेन्स आणि जास्त ताकदीचा प्रोसेसर मिळतो. लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणाऱ्याला ते वसूल होईल. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपवाल्याला नाही. खरी मेख स्टोरेजमध्ये आहे. ‘प्रो मॅक्स’ २५६ जीबीचा घेतला तर १,४९,९००, दोन टीबीचा घेतला तर २,२९,९०० मोजावे लागत. नुसत्या जास्तीच्या जागेचे ८० हजार! तेवढ्यात जवळपास आणखी एक ‘आयफोन १७’ आला असता. करही कमी नाही: प्रोच्या किमतीतले सुमारे साडेवीस हजार १८ टक्के जीएसटीपोटी जातात.

महाग फोनच्या बाजूने एक दमदार मुद्दा आहे, तो आयुष्याचा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून गूगल व सॅमसंग आपल्या वरच्या फोनना सात वर्षे अपडेट द्यायला बांधील झाल्या. स्वस्त फोन बहुधा त्याआधीच अपडेटविना पोरके होतात. तरी गणित करून बघा. ८२,९०० चा फोन सहा वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे १३,८०० पडतात, मध्ये बॅटरी बदलली तर आणखी. १८ हजारांचा फोन तीनच वर्षे चालला, तरी वर्षाचे सहा हजार. म्हणजे दीर्घायुष्य धरूनही महागडा फोन दुपटीहून महाग.

मग एवढे खपतात कसे? माझ्या मते हप्त्यांमुळे. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी वजा करते, इतकेच. त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीदेखील ग्राहकाच्याच माथी. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. सूट द्यायला वाव आहे, तर रोख देणाऱ्याने ती का मागू नये? दुकानात हा प्रश्न जरूर विचारा.

हौसेला मोल नसते, हे मान्य. पण ती हौस आहे असे सरळ म्हणावे. तिला ‘गुंतवणूक’ म्हणू नये. आणि एकरकमी पैसे देताना जो फोन जिवावर येतो, तो हप्त्यांनीही परवडत नसतो.