स्पेनची जुनी गिटार व हार्प

सप्ताहात गळ्यात वीणा घेऊन उभा असलेला विणेकरी मुळशी खोऱ्यात आपण सर्वांनी पाहिला आहे. तंतुवाद्य आपल्याला परके नाही. तेव्हा जुन्या स्पॅनिश गिटार-हार्पच्या मैफलीत काय ऐकावे, हे समजून घेणे अवघड जाऊ नये.

या दोन वाद्यांत मूळचाच भेद आहे. हार्पला, आपल्या स्वरमंडलाप्रमाणे, प्रत्येक स्वराची तार निराळी. गिटारला तारा थोड्या. पडद्यावर बोट दाबून एकाच तारेतून अनेक स्वर काढावयाचे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये गिटारपेक्षा मोठा मान होता तो तिच्याच जातीच्या व्हिहुएला या वाद्याला.

त्या काळी लुदोविको नावाचा नामांकित हार्पवादक होऊन गेला. साध्या हार्पवर विकृत स्वरांच्या तारा नसत. असा स्वर हवा झाला, की तो तारेला बोट लावून तो काढी, असे बेर्मुदो याने 1555 सालच्या ग्रंथात नोंदले आहे. त्याची स्वतःची रचना मात्र एकही उरलेली नाही.

मग त्याचा ढंग आज कळतो कसा? आलोन्सो मुदार्रा याने 1546 साली सेव्हिल येथे व्हिहुएलाचा ग्रंथ छापला. त्यात लुदोविकोच्या हार्पची नक्कल करणारी एक रचना आहे. हार्पवर एका तारेचा नाद विरण्याआधी दुसरी वाजते आणि स्वर एकमेकांत मिसळतात. मुदार्राने लगतचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाटून तोच भास साधला. शेवटी काही स्वर चुकल्यासारखे वाटतील, पण नीट वाजविल्यास वाईट लागणार नाहीत, असेही त्याने बजावून ठेवले आहे!

त्याचे लेखन सोपे आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे तारांची सहा स्थाने. आकडा म्हणजे पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. स्वराचे नाव नाही, बोटाची जागा आहे. म्हणूनच परंपरा खंडित झाली तरी बोटांना वाट सापडली. 1936 साली बार्सिलोनात एमिलिओ पुजोल याने व्हिहुएला पुन्हा वाजवून दाखविली.

कागदाने सर्व काही राखले असे मात्र नव्हे. नजाकत आजच्या वादकालाच शोधावी लागते. आपल्याकडे उलट झाले. गुरुमुखाने नजाकत राखली. पण शिष्य नसला, की विद्या गेली. हे ओळखूनच पंडित भातखंडे यांनी शेकडो बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या.

श्रोतेहो, मुळशीच्या धरणाखाली गावे गेली, माणसे पांगली. गाव पांगले, की भजनाची चालही पांगते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या चाली कोणी लिहून घेतल्या आहेत काय? लुदोविकोला एक मुदार्रा तरी भेटला.