तिकिटाचा खरा हिशेब

मुले परदेशी स्थायिक झाली, की जुन्नर-आंबेगावच्या शिक्षक-कारकुनांच्या घरांतही विमान कंपन्यांची तुलना सुरू होते. ती बहुधा भाड्यापाशीच थांबते. वस्तुतः हा हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावयास हवा. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली, तर वेळेवर मुंबई गाठणेच दुष्कर होते. पुढचा प्रश्न वाटेतील थांब्याचा.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. तेव्हा थांबे अपरिहार्य होते; आज आपण ते पुष्कळदा स्वस्ताईपोटी पत्करतो. त्यात गैर काही नाही. मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. तिकिटे स्वतंत्र काढली आणि पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. सामानही बहुधा उतरवून पुन्हा द्यावे लागते. सत्तरीतल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आईवडिलांनी परक्या विमानतळावर हे कसे निभवावे? चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदविता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

भाड्यातील बचत डोळ्यांना दिसते. वृद्धांची धास्ती दिसत नाही. तिकीट पाठविणाऱ्या मुलांनी या दुसऱ्या रकमेचीही बेरीज करावी.