बाजारभाव, पैसे आणि एपीआयची किल्ली

माजलगाव, गेवराई, केज इथल्या बाजार समित्यांचे भाव एकाच डॅशबोर्डवर हवे असतील, तर रोज हाताने टाइप करायची गरज नाही. केंद्र सरकारचं डेटा डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ बाजारभाव एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून थेट माहिती मागता येईल अशा सोयीतून, देतं. नोंदणी केली की आपली स्वतंत्र किल्ली मिळते: अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ. ती ज्याच्या हाती, तो आपल्या नावाने माहिती मागू शकतो.

भावाची किल्ली फुटली तर फारसं बिघडत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनीने त्याच डॅशबोर्डला रेझरपेसारखी पैशांची सेवा जोडली, तर मामला वेगळा. तिथे दोन भाग असतात, की-आयडी आणि सीक्रेट. आयडी ग्राहकाच्या पानावर दिसला तरी चालतो. सीक्रेट मात्र सर्व्हरवरच, कोडच्या बाहेर ठेवायचं. कारण ब्राउझरपर्यंत गेलेला कोड कुणीही उघडून वाचू शकतो. कोड साठवायच्या गिटहबवर चुकून चढलेलं सीक्रेट पुसलं तरी जुन्या नोंदींत शिल्लक राहतं, म्हणून ते रद्द करून नवं घेणं हाच इलाज. व्हॉट्सॲप ग्रुपवर सीक्रेट पाठवणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार! जोडणी आधी चाचणीच्या किल्लीवर तपासावी. आणि डॅशबोर्ड बांधून देणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तर त्याच दिवशी सीक्रेट बदलावं.