शिस्त रक्तात नसते, रस्त्यात असते

मुंबईत हेल्मेट डोक्यावर आणि यवतमाळात हँडलला. म्हणून आपल्याकडची माणसंच बेशिस्त, असं म्हणणं सोपं आहे. मग पुण्याचं काय? शिकल्यासवरलेल्या त्या शहराने हेल्मेटसक्तीला वर्षानुवर्षं विरोध केला. फरक स्वभावाचा कमी, रस्त्याचा आणि पकडलं जाण्याच्या धाकाचा जास्त. २०२२ मध्ये सर्वाधिक अपघात तमिळनाडूत झाले, पण सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात. देशभरातल्या १,६८,४९१ मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवरचे, आणि हे महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के.

आपल्याकडे नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. दुभाजकातली फट लांब असली की पलीकडच्या शेतात जायला मोटारसायकल सरळ राँग साइडने निघते; पेट्रोल वाचतं, वेळही. कापसाच्या हंगामात तिथेच मागे दिवा नसलेली ट्रॉली चालते. ट्रकवाल्याला ती अंधारात दिसते, तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. यात वाईट स्वभाव कुठे आला? हिशेब आहे, फक्त चुकीचा.

‘दंड वाढवा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तो २०१९ च्या कायदादुरुस्तीने वाढलाच आहे. पण रात्री आर्णी-महागाव रस्त्यावर पावती फाडायला उभं कोण राहणार? तोवर एवढं करा: वेचणी सुरू व्हायच्या आत ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा.