चंद्रपूरची दारूबंदी आली कशी आणि गेली कशी?

गडचिरोली-चिमूर हा लोकसभेचा एकच मतदारसंघ. त्यातल्या गडचिरोली, आरमोरी आणि अहेरी या भागांत १९९३ पासून दारूबंदी आहे. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीत आलं की मात्र परवान्याचं दुकान उघडं दिसतं. चिमूरलाही तेच. खासदार एकच, पण नदी ओलांडली की नियम बदलतो.

मधली सहा वर्षं तो बदलत नव्हता. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातही दारूबंदी होती.

ही मागणी मुळात कुठल्या पक्षाची नव्हती. पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार' संघटनेने ती लावून धरली. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. तेव्हाच्या सरकारने समिती नेमली, समितीने बंदीची शिफारस केली आणि विषय तिथेच अडकला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत सरकार बदललं. सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री झाले. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. अर्थमंत्र्यानेच महसुलावर पाणी सोडण्याचा आग्रह धरावा, हे तसं दुर्मीळच.

आता प्रश्न पडेल, की बायकांनी मतदान करून दुकानं बंद का नाही केली? तशी सोय महाराष्ट्रात आहे. गावात किंवा वॉर्डात मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. मेख अशी, की आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नाही, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेली, तिची गैरहजेरी दुकानाच्याच पथ्यावर पडते. शिवाय एक दुकान बंद झालं तरी शेजारच्या गावातलं चालूच राहतं.

जिल्हाबंदीला असं मतदान लागत नाही, मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते. आणि नेमकं म्हणूनच ती उठवायलाही एक बैठक पुरते.

अमेरिकेत हाच खेळ शंभर वर्षांपूर्वी मोठ्या पटावर झाला. 'अँटी-सलून लीग' नावाच्या संघटनेने स्वतःचा पक्ष काढला नाही. वेन व्हीलर हा तिचा डावपेच आखणारा माणूस. उमेदवार कुठल्या पक्षाचा आहे, तो स्वतः पितो का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सभागृहात बंदीच्या बाजूने मत देणार की नाही, एवढंच तो विचारायचा. अटीतटीच्या जागांवर थोडी मतं इकडची तिकडे करायची आणि निकाल फिरवायचा, ही त्याची पद्धत. लीगची स्वतःची छापखान्यातून निघणारी वर्तमानपत्रंही होती. १९२० मध्ये देशभर बंदी लागू झाली, तीही थेट घटनादुरुस्तीने. पुढे महामंदी आली, सरकारला कर हवा होता, लोकांना रोजगार हवे होते. १९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने बंदी हटवण्याचं आश्वासन दिलं, रूझवेल्ट जिंकले आणि डिसेंबर १९३३ मध्ये बंदी गेली. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती करावी लागली, तीन चतुर्थांश राज्यांची संमती मिळवावी लागली.

चंद्रपुरात एवढं काही लागलं नाही. २०१९ मध्ये गोस्वामी आम आदमी पक्षाकडून ब्रह्मपुरीत काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. हा निकाल दारूवर लागला असं म्हणणं चूक ठरेल. जात, पक्ष, उमेदवाराचा संपर्क अशा दहा गोष्टी एका मतात असतात. पण त्यानंतर राज्यात महाविकास आघाडीचं सरकार आलं, वडेट्टीवार पालकमंत्री झाले आणि बंदीचा फेरविचार सुरू झाला. लोकांकडून निवेदनं मागवली गेली, त्यात बहुसंख्य बंदी उठवण्याच्या बाजूची निघाली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीने अहवाल दिला. अवैध दारू, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणं देत २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

यात बातम्यांचाही वाटा होता. पकडलेल्या पेट्या, जप्त केलेली गाडी, बनावट दारू यांचा फोटो निघतो, मथळा होतो. एखाद्या घरात त्या रात्री मारहाण झाली नाही, याची बातमी कोण करणार? बंदी फसल्याचे पुरावे रोज छापून येत होते आणि ते खोटेही नव्हते. पण बंदीने काही साधलं असेल, तर ते मोजायला वर्षभराचं सर्वेक्षण लागतं. दुकानदारांची संघटना मुंबईपर्यंत पोहोचू शकते. ठराव करणाऱ्या बायका एका मोर्चानंतर दुसरा मोर्चा काढेपर्यंत रोजी बुडते.

गडचिरोलीत बंदी अजून टिकून आहे. तिथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारातून २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान गावोगावी संघटना बांधतंय. निवडणूक आली की हे अभियान गावांकडून दारूमुक्त निवडणुकीचे ठराव घेतं आणि उमेदवारांकडून दारू न वाटण्याचं वचन मागतं. चंद्रपूरचा निर्णय होण्याआधी गडचिरोलीतल्या बंदीच्याही फेरविचाराची चर्चा निघाली होती, तेव्हा शेकडो गावांनी ती कायम ठेवा असं सरकारला कळवलं. पण पलीकडच्या काठावर दुकानं उघडली आहेत, आणि नदीवर पूल आहेत.